तिसऱ्या आंघोळीचं गरम पाणी

विनिताबाईंनी ती अट घातली, तेव्हा ती पुरी व्हावी अशी त्यांची अजिबात इच्छा नव्हती. इच्छा असती तर त्यांनी सोपी अट घातली असती.

"एका सकाळी, एकामागून एक, तीन माणसांच्या आंघोळी कढत पाण्याने झाल्या, तर मी तुमच्या त्या गाडीत बसेन आणि न्याल तिथे येईन," त्या म्हणाल्या. "नाही झाल्या तर गाडी मयूरला विकायची, आणि पुन्हा तिचं नाव काढायचं नाही."

"कढत म्हणजे किती कढत?" उत्तमरावांनी विचारलं. माणूस मेकॅनिक. मोजमाप ठरल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

"पहिल्या तांब्याला हाय म्हणावंसं वाटेल, इतकं."

उत्तमरावांनी पस्तीस वर्षं खोपटच्या एसटी वर्कशॉपमध्ये बसगाड्या दुरुस्त केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारतात आणि गुडघ्यांबद्दल बोलतात. उत्तमरावांनी शाळेची एक जुनी पिवळी मिनीबस विकत घेतली, कोपरीतल्या सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात उभी केली आणि दोन वर्षं खपून, आरटीओचे सगळे कागद करून, तिचं फिरतं घर बनवलं. आत दोन माणसांचा पलंग, हातभर ओटा, शेगडी, खिडकीला विनिताबाईंच्या जुन्या साडीचे पडदे. मागे एक न्हाणीघर, इतकं लहान की आत स्टुलावर बसलं की कोपर भिंतीला आणि गुडघे दाराला लागत. पलंगाखाली पंचवीस लिटरचा, सिलिंडरवर चालणारा गिझर. आणि चढायच्या दाराशेजारी, बाहेरच्या बाजूला, पाय धुवायचा नळ.

हा नळ कुणी मागितला नव्हता. पण विनिताबाई बाहेरून आल्या की पाय धुतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाहीत, मग घर चाकांवर का असेना, हे उत्तमरावांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तिथे एक लाल कॉक, एक निळा कॉक आणि दोन्हींचं पाणी एकत्र करून देणारी बटणाच्या शॉवरची नळी बसवली होती. लाल कॉक गरम पाण्याचा. थंडीत विनिताबाईंच्या टाचा फुटायच्या आणि गार पाण्याने घोटे ठणकायचे, त्यासाठी. विनिताबाईंनी नळ पाहिला आणि म्हणाल्या, "एवढं तर करायलाच हवं होतं." विषय तिथेच संपला.

आता एवढं सगळं नवऱ्याने केल्यावर बायकोने आडमुठेपणा का करावा, असं कुणालाही वाटेल. पण त्यांच्या रुसव्याचं वयही लक्षात घ्यायला हवं. लग्न झालं त्या वर्षीच्या मे महिन्यात दोघं हरिहरेश्वरला जाणार होते. विनिताबाईंनी बॅग भरली, दशम्या केल्या, नवी चप्पल घेतली. निघायच्या आदल्या दिवशी सुट्टीच्या गर्दीसाठी जादा गाड्या सोडायच्या ठरल्या. कुणी तरी थांबायला हवं होतं, आणि उत्तमरावांच्या तोंडून नाही हा शब्द कधी निघालाच नाही. ते म्हणाले, पुढच्या मेमध्ये नक्की. पुढच्या मेमध्ये पुन्हा जादा गाड्या. मग गणपतीच्या जादा गाड्या, दिवाळीच्या जादा गाड्या. अख्ख्या ठाण्याला कोकणात पोचवणाऱ्या माणसाची बायको दर सुट्टीत कोपरीच्या खिडकीत बसून शेंगा सोलायची. असे तेहेतीस मे गेले. विनिताबाईंनी विचारणं सोडलं, त्यालाही वीस वर्षं झाली. आता हा माणूस घराला चाकं लावून दारात उभा राहतो आणि म्हणतो, चल. अशी सहज उठून जाईल ती बाई कसली?

आंघोळीची अट त्यांनी विचार करून निवडली होती. गरम पाण्याने आंघोळ न झालेला माणूस अजून पुरता उठलेला नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. एखाद्या नातेवाइकाकडे चार दिवस राहून आल्या, तरी परत आल्यावर त्या एवढंच सांगत, "सगळं छान होतं हो, पाणी तेवढं कोमट होतं."

परीक्षा टिटवाळ्याला ठरली. तिथे उत्तमरावांची मोठी बहीण, रतनआक्का, एकट्या राहत. त्यांच्या बैठ्या घराच्या चहूबाजूंनी दहा-दहा मजली इमारती उगवल्या होत्या, पण आक्कांनी आपलं अंगण काही सोडलं नव्हतं. अंगणात गाडी सहज मावली. आक्का तीस वर्षं शाळेत कवायत घेत होत्या आणि त्यांचा आवाज अजून मैदानातच राहिला होता. तीन आंघोळींपैकी एक आपली, हे त्यांनी न विचारताच जाहीर केलं. आपल्या घरात धडधाकट न्हाणीघर आहे, ही अडचण त्यांना वाटली नाही.

शनिवारी सकाळी, जानेवारीच्या कडक थंडीत, पहिली परीक्षा झाली. क्रम ठरलेला होता. आधी विनिताबाई, मग आक्का, शेवटी उत्तमराव. विनिताबाईंनी पहिला तांब्या अंगावर घेतला आणि त्यांच्या तोंडून मनाविरुद्ध हाय निघालं. पाणी फर्मास होतं. त्या लालबुंद होऊन बाहेर आल्या, अंगणात जाऊन ओले कपडे दोरीवर टाकले, आक्कांच्या देवासाठी जास्वंदी तोडल्या, परत येऊन पाय धुतले आणि गाडीत चढून चहाचं आधण ठेवलं. तोवर आक्का आत गेल्या होत्या. दुसऱ्या तांब्याला आतून आवाज आला.

"उत्तम, हे कोमट आहे."

समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने खिडकी उघडून खाली पाहिलं. उत्तमराव शेवटी गेले आणि तोंडाने राम राम म्हणत बाहेर आले. त्यांच्या आंघोळीला कोमटही म्हणवत नव्हतं.

"एकाच आंघोळीत संपतं म्हणजे," विनिताबाई चहा गाळत म्हणाल्या. सुरात समाधान होतं, पण ते त्यांना वाटलं होतं तेवढं गोड लागलं नाही. याचं त्यांना थोडं नवलच वाटलं.

"उद्या सकाळपर्यंत मुदत दे," उत्तमराव म्हणाले.

"दिली. पण मयूरला मी उद्या अकराला बोलावलंय."

मयूर हा कल्याणचा केटरिंगवाला. मिनीबसमध्ये पावभाजीचा धंदा टाकायचं त्याच्या मनात होतं. तो आतापर्यंत तीनदा गाडी बघून गेला होता, आणि दर वेळी पलंगाच्या जागी तवा कसा बसेल ते हातांनी मापून गेला होता.

दुपारी डोंबिवलीहून साईनाथ आला. एकेकाळी वर्कशॉपमध्ये तो उत्तमरावांच्या हाताखाली इलेक्ट्रिशियन होता. आता गिझर दुरुस्त करायचा आणि प्रत्येक गिझरशी रुग्णाशी बोलावं तसं बोलायचा.

"दादा, हिशेब सरळ आहे," त्याने पिशवी खाली ठेवत सांगितलं. "टाकी पंचवीस लिटरची. कढत पाण्यात गार मिसळलं की तीन बादल्या आरामात निघतात. वर मधल्या वेळात तो परत तापतोय. तिघांना पुरायलाच पाहिजे. न पुरायला काय झालंय याला?"

"तेच तर मी सकाळपासून विचारतोय त्याला," उत्तमराव म्हणाले.

काम सुरू करण्याआधी उत्तमरावांनी गाडीभोवती फेरी मारून सगळे कॉक घट्ट बंद केले. ही वर्कशॉपची शिस्त. रोज संध्याकाळीही ते असेच सगळे कॉक बंद करून मगच हात धुवायचे. मग दोघांनी मिळून पलंगावरची गादी उचलली, खालची फळी काढली, आणि फळीखालून एक लांबट पत्रा खणकन बाहेर पडला.

"वहिनी, हे काय ठेवलंय गादीखाली?" साईनाथने तो उचलला.

ती एसटीच्या गाडीला पुढे लावतात तसली पाटी होती. पांढऱ्यावर लाल अक्षरं, हाताने रंगवलेली, वेलांट्या जरा थरथरत्या. ठाणे – हरिहरेश्वर.

"तो पत्रा आहे," उत्तमराव घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी पाटी उलटी केली. "फळी वाजते म्हणून घातलाय मध्ये. तू थर्मोस्टॅटचं बघ."

विनिताबाईंनी वाचायचं ते वाचलं होतं. त्या खाली उतरल्या आणि अंगणात जाऊन वाळलेले कपडे पुन्हा एकदा झटकू लागल्या. त्यांना भरून आलं होतं. आणि भरून आलं म्हणून स्वतःचा रागही आला होता, कारण इतका नीट सांभाळलेला रुसवा एका पत्र्याने हलावा, हे काही बरोबर नव्हतं. ही पाटी त्याने कधी रंगवली? काचेत लावायची सोडून गादीखाली का लपवली? याचं उत्तर त्यांना येत होतं. ती पाटी पुढे लावायची त्या माणसाची छाती झाली नव्हती.

गाडीत तोवर युद्ध चाललं होतं. साईनाथने थर्मोस्टॅट बदलला. टाकीत क्षार जमलेत का पाहिलं, तर टाकी नव्यासारखी. मग सगळं जोडून, गिझर पेटवून, त्यांनी नळाखाली तीन बादल्या एकामागून एक भरल्या, आणि तिन्ही वाफाळत्या निघाल्या. साईनाथने दोन्ही हात जोडून गिझरला नमस्कार केला. उत्तमरावांनी आक्कांना बोलावून वाफ दाखवली. आक्कांनी तिघांसाठी शिरा केला.

संध्याकाळी विनिताबाई बाजारातून भाजी घेऊन आल्या. पाय धुतले, वर चढल्या, शिऱ्याची ताटली विसळायला नळ सोडला.

"कोमट आहे हो," त्या म्हणाल्या. या वेळी त्यांना म्हणायचंही नव्हतं, पण जे होतं ते होतं.

साईनाथचा चेहरा पडला. तो तडक बाहेर गेला, गिझरचा खालचा बूच सैल केला आणि पाण्याच्या धारेखाली बोट धरलं. मग बराच वेळ बोट तोंडात धरून उभा राहिला.

"दादा," तो शेवटी म्हणाला, "टाकीत कढत आहे. नळाला कोमट आहे. मध्ये दोन हात पाइप आहे. एवढ्याशा पाइपात गरमी कुठं जाते?"

"वायरिंग," उत्तमराव म्हणाले. त्यांचं इंजिनावर प्रेम होतं, पण विजेवर कधी विश्वास नव्हता.

"पाणी गार व्हायला वायरिंग काय करणार?"

"तू इलेक्ट्रिशियन आहेस. तूच सांग."

आक्कांकडेच मुक्काम ठोकलेल्या साईनाथने रात्रभर ही गोष्ट मनाला लावून घेतली, आणि सकाळी उठला तो वायरिंगचा पुरता भक्त होऊन.

रविवारी सकाळी विनिताबाईंची आंघोळ कालच्यासारखीच कढत झाली. आता कसोटी दुसऱ्या आंघोळीची होती. साईनाथ आणि उत्तमराव गाडीच्या मागच्या बाजूला गिझरचं झाकण काढून, पोत्यावर पालथे पडले. न्हाणीघरात आक्का गेल्या.

"आक्का, पाणी कसं येतंय ते ओरडून सांगत राहा," साईनाथने बाहेरून सांगितलं. "बदललं की लगेच."

"मला ओरडायला शिकवू नकोस," आक्का आतून म्हणाल्या. "कढत."

विनिताबाई कपडे दोरीवर टाकून, ओंजळीत जास्वंदी घेऊन परतल्या. दाराशी येऊन त्यांनी फुलं पायरीवर ठेवली, लाल कॉक सोडला, निळा सोडला, दोन्ही जरा पुढे-मागे करून पाणी आपल्या टाचांना मानवेल असं केलं. शॉवरचं बटण दाबून पाय धुतले आणि बटण सोडलं. घरच्या संडासातल्या जेटचंही त्या असंच करायच्या. बटण सोडलं की पाणी थांबतं, मग कॉक कशाला बंद करायचे? पुन्हा ते गरम-गार जमवत बसायला कुणाला वेळ आहे?

"कोमट," आक्का आतून गरजल्या.

"कोमट झालं," मागून साईनाथ ओरडला. "दादा, तुम्ही हात लावलात का?"

"मी नाही लावला. तू लावलास."

विनिताबाई वर चढणार, तोच त्यांना नळीच्या जोडातून पाण्याचा एक थेंब पडताना दिसला. मग दुसरा. गाडीच्या टाकीतलं पाणी मोजकं, आणि वाया जाणारा थेंब बघवत नाही अशी ही बाई. त्यांनी वाकून दोन्ही कॉक घट्ट पिळले.

"कढत," आक्का म्हणाल्या.

"आलं," साईनाथ म्हणाला. "दादा, ही लाल वायर धरली आणि आलं. तुम्ही धरा ही. हलू नका."

विनिताबाई एक पाय पायरीवर, एक पाय जमिनीवर, तशाच थांबल्या. त्यांनी कॉककडे पाहिलं. मग न्हाणीघराच्या झडपेकडे पाहिलं, जिच्यातून आक्कांची वाफ बाहेर येत होती. मग हळूच, कुणी पाहत नाही ना ते बघून, दोन्ही कॉक सोडले आणि मनात आकडे मोजले. एक, दोन, तीन, चार.

"कोमट."

"दादा, हललात."

"नाही हललो."

विनिताबाईंनी कॉक बंद केले.

"कढत."

त्यांना हसू फुटलं आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. लग्नापासून जिच्या आवाजापुढे आपण मान वर केली नाही, ती नणंद आज आपल्या दोन बोटांवर नाचत होती. त्यांनी पुन्हा सोडले, पुन्हा बंद केले. खरं तर एवढी खात्री पुरे होती, पण त्यांना थांबवेना. कोमट, आक्का म्हणाल्या. कढत. कोमट. कढत. "उत्तम, एक काय ते ठरव," आक्का म्हणाल्या, आणि मागच्या बाजूला दोन म्हातारे मेकॅनिक एका वायरवरून एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत होते.

विनिताबाईंना सगळं लख्ख कळलं होतं. बटण बंद आणि कॉक उघडे, म्हणजे या नळीतून गार पाणी बिनबोभाट गरम पाण्याच्या पाइपात शिरत होतं. सकाळी आपण आंघोळ करायची, बाहेर जायचं, येऊन पाय धुवायचे, आणि मागच्या माणसाचं पाणी कोमट करायचं. संध्याकाळी नवऱ्याने सगळे कॉक बंद करायचे, आणि सकाळी पहिली आंघोळ परत आपलीच, कढत. गिझर बिचारा धुतल्या तांदळासारखा होता. चोर इथे पाय धुऊन उभा होता.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात मोजायची टेप घेऊन मयूर आत आला. आज त्याला हातांनी मापायचं नव्हतं.

"काय काकू, झालं का पाणी?"

"दोन आंघोळी होतायत," विनिताबाई म्हणाल्या. "तिसरी राहिली आहे."

त्यांचा हात अजून लाल कॉकवर होता. आता हे सगळं त्यांच्या हातात होतं, अगदी शब्दशः. दोन बोटं फिरवली की तिसरी आंघोळ कोमट. मयूर गाडी घेऊन जाईल, पलंगाच्या जागी तवा बसेल, आणि तेहेतीस मे महिन्यांचा हिशेब चुकता होईल. कुणाला कळणारही नाही. हाच तर बेत होता. त्या लाल कॉककडे बघत राहिल्या. गाडीच्या बाहेर, पाय धुवायला, गरम पाण्याचा कॉक कोण बसवतं? जगात कुणी बसवत नसेल. हा माणूस पोटावर झोपून, पाइप वाकवून, बायकोच्या टाचांसाठी तो बसवतो, त्याबद्दल चकार शब्द बोलत नाही, आणि पाटी रंगवून गादीखाली लपवतो. आणि मुख्य म्हणजे आपल्याला जायचं आहे. हे त्यांना एकदम आणि स्वच्छ कळलं. कधीपासूनच जायचं होतं. वीस वर्षं विचारलं नाही, एवढंच.

त्यांनी लाल कॉक बंद केला. मग निळा. मग खात्रीसाठी दोन्ही पुन्हा एकदा पिळले.

"कढत," आक्कांनी शेवटचा निकाल दिला, आणि डोक्याला टॉवेल बांधून, कांती तुकतुकीत होऊन बाहेर आल्या.

"दादा, आता तुमची पाळी. जा," साईनाथ म्हणाला.

"मी कसा जाऊ? मी वायर सोडली की कोमट होणार."

"मी धरतो."

"तू पाना धरलायस. तो सुटला तर?"

दोघांनीही मान वळवून मयूरकडे पाहिलं. मयूरने आपल्या शर्टाकडे पाहिलं. पण पोरगा संस्कारी होता. कल्याणचा मोठा केटरिंगवाला मयूर पोत्यावर पालथा झोपला आणि त्याने उत्तमरावांच्या हातातून ती लाल वायर अलगद घेतली.

"हलायचं नाही," साईनाथने बजावलं. "शिंक आली तरी नाही."

उत्तमराव न्हाणीघरात गेले. बाहेर आक्का हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. तिसऱ्या मजल्यावरचा माणूस आता बायकोला घेऊन खिडकीत आला होता. आत पाणी पडल्याचा आवाज आला, आणि मग, अंगणभर ऐकू जाईल अशी, उत्तमरावांची प्रदीर्घ हाय आली. मग दुसरा तांब्या, मग तिसरा, आणि चौथ्याला तो माणूस चक्क गाऊ लागला. सुरांशी त्या गाण्याचा काही संबंध नव्हता.

ते बाहेर आले तेव्हा कानांच्या पाळ्यांपर्यंत गुलाबी झाले होते. गंजीफ्रॉक, लुंगी, खांद्यावर टॉवेल. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"झाल्या तीन," आक्कांनी जाहीर केलं.

"पण दादा," साईनाथ पाना धरूनच म्हणाला, "आता लांबच्या प्रवासात ही वायर कोण धरणार?"

"मी सोडू का?" मयूरने खालून विचारलं. त्याच्या नाकावर मुंगी चढली होती.

"सोडू नकोस," दोघं मेकॅनिक एकदम म्हणाले.

विनिताबाईंना आता मात्र आवरेना. त्या पायरीवर बसल्या आणि हसू लागल्या, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आक्कांनी पाठीवर चार थापट्या मारल्या, कारण विनिताबाईंना ठसका लागला असं त्यांना वाटलं.

"सोड रे ती वायर," विनिताबाई कशाबशा म्हणाल्या. "वायरीत काही नाही. मी आहे. गरम पाण्याची चोर मी आहे."

त्यांनी साईनाथला आतला नळ सोडायला लावला आणि सगळ्यांसमोर प्रयोग करून दाखवला. लाल-निळा उघडा, बटण बंद, कोमट. लाल-निळा बंद, कढत. साईनाथने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. मयूर उठून शर्टावरची माती झटकू लागला, आणि ती आणखी पसरली.

"म्हणजे काल मी कुडकुडले ती हिच्या पायांमुळे," आक्का म्हणाल्या. "आणि आज मला शाळेच्या घंटेसारखं बडवलं, तेही हिनेच."

"चुकलं, आक्का."

"चुकलं काय. आणखी दोनदा केलं असतंस तर मी साबण घेऊन बाहेर आले असते." आणि आक्काही हसू लागल्या. त्यांच्या हसण्याने अंगणातल्या जांभळीवरचे कावळे उडाले.

उत्तमराव हसले नाहीत. ते वाकून कॉककडे बघत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे गिझर चांगला आहे," ते म्हणाले. मग एकदम गंभीर झाले, साईनाथच्या हातातला पाना घेतला आणि खाली बसले. "हा नळच काढून टाकतो. चूक माझी आहे. मध्ये उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व टाकायला हवा होता."

"हात लावून तर बघा त्याला," विनिताबाई म्हणाल्या.

उत्तमरावांचा पाना हवेतच राहिला.

"व्हॉल्व नंतर टाका. तोवर कॉक मी बंद करीन. पण नळ माझा आहे."

मयूर टेपची पट्टी उगाच बाहेर काढत आणि आत सोडत उभा होता. "काकू, मग गाडीचं काय ठरलं?"

विनिताबाईंनी पदराने डोळे पुसले. त्या उठल्या. अंगणातली माती पायांना लागली होती. त्यांनी लाल कॉक सोडला, निळा सोडला, कोमट पाण्याने सावकाश दोन्ही टाचा धुतल्या. बटण सोडलं, लाल कॉक बंद केला, निळा बंद केला आणि गाडीत चढल्या. आतून गादी सरकवल्याचा आणि पत्रा खणखणल्याचा आवाज आला. उत्तमराव जागेवरून हलले नाहीत. लपवलेल्या वस्तूसकट पकडलेल्या माणसासारखे ते लुंगी सावरत उभे राहिले.

विनिताबाई ड्रायव्हरच्या सीटवर गुडघा टेकून पुढे वाकल्या. पदराने पाटी पुसली आणि समोरच्या काचेत, बरोबर मधोमध, उभी करून ठेवली. मयूरने ती वाचली, टेप गुंडाळून खिशात घातली, आणि कुणी काही सांगायच्या आत म्हणाला, "बरं काका, निघतो मी."

उत्तमराव अजून बाहेरच होते. पाटीवरची अक्षरं त्यांनीच रंगवली होती, तरी ती पहिल्यांदाच बघत असल्यासारखे ते ओठ हलवत वाचत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्यांनी टॉवेलने कोरडे झालेले कान पुन्हा पुसले.

विनिताबाईंनी खिडकीची काच खाली केली.

"अहो, उभे काय राहिलात," त्या म्हणाल्या. "कपडे घाला, पाय धुवा आणि वर या. आणि येताना दोन्ही कॉक बंद करा."